वरच्या वाफ्याचा धूर

पोशीर, ता. १० मार्च १९६८

चि. सुंदरेस आबामामाचा आशीर्वाद.

गुडघा बरा हाय. तू विचारलं नायस, पण पुढच्या पत्रात विचारशील, आणि मग गौरीला बोलायला निमित्त मिळंल. गुडघ्याला काय झालेलं नाय. एरंडाचं पान बांधलंय ते थंडीसाठी. विषय संपला.

आता तुझं पत्र. चार पानं लिहिलीस. कार्डात मावलं असतं. तुझ्या नवऱ्याच्या, वाल्मिकरावांच्या रेल्वे शेडमधली मंडळी बायकापोरांसकट आपल्या खोऱ्यात फिरायला येणार. त्यांना माथेरानचे पॉइंट बघायचेत, जुनी गावं बघायचीत, किल्ला बघायचाय, आणि त्यातलं बघण्यासारखं काय ते मी सांगायचं. अगं, मी इथंच जन्मलो. मी काय बघितलं? बैलाची पाठ बघितली.

तरी विचारलंस म्हणून सांगतो. पेठचा किल्ला. कशेळ्यापर्यंत एस.टी. जाते, पुढं आंबिवलीपर्यंत चाला, मग चढ. वर सुळका हाय, त्याच्या पोटातनं पायऱ्या काढल्यात. एक तोफ पडलीय. पडलेली तोफ बघायला भुसावळवरनं कशाला यायचं ते मला कळत नाय. पण पेठेत पाणी मागा, देतील, माणसं चांगली. दुसरं, कोंडाण्याची लेणी. रान तुडवत जायला लागतं. दगडात माणसं नाचताना कोरलीत. मी एकदाच गेलो, हरवलेली म्हैस शोधायला. म्हैस आत सावलीला बसली व्हती, उठायला तयार नाय. तिला आवडली लेणी. खालापूरकडचं मला विचारू नको. तिकडं मी फक्त एक सोयरीक मोडायला गेलेलो.

माथेरानचं तुझ्या आयशीला, बायजाला विचार. जन्म तिथं काढला तिनं. तुझा बाप हातरिक्षा ओढायचा आणि ही पॉइंटवर ताक विकायची. लोक पैसे खर्चून जे बघायला येतात त्याच्याकडं पाठ करून बसायची. मी काय सांगणार?

आणि घरी उतरू नका. एवढी माणसं, पोरं, त्यांचं च्या-पाणी. घराची कौलं उतरवायला काढायचीत, मे महिन्यात सगळा धुरळा असंल. वरून बघा आणि जा. गौरी म्हणते असं लिहू नको. मी लिहिलं.

आबाजी

•

भुसावळ, ता. २४ मार्च १९६८

ती. आबामामांस व ती. गौरामामीस सुंदराचा नमस्कार.

मामा, तुमचं पत्र वाचून हे इतके हसले, की शेडमध्ये नेऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हशीचं दोनदा वाचायला लावलं. सगळे म्हणतात लेणी बघायचीच.

एक गोष्ट तुम्हाला कळवली नव्हती. आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उजवा डोळा गेलाच. डाव्याला उजेडात थोडं दिसतं, माणूस आला-गेला एवढं. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत तेही जाईल. सहल शेडच्या लोकांची खरी, पण मी हट्टाने त्यात शिरले ती आईसाठी. तिला एकदा पॅनोरमा पॉइंटवर उभं राहून तुमच्या राबाचा धूर बघायचाय. दुसरं काही मागत नाही. धूर मोठा असला तर अजून दिसेल तिला. पुढच्या वर्षी नाही दिसणार.

आता आई सांगते ते लिहिते, जसंच्या तसं.

"दादा, तू पत्रातसुद्धा ओरडतोस. हितं चार घरं पलीकडं ऐकू गेलं. या पोरीला राबाचं धड ठाऊक नाय, म्हणून सांगते. हिच्याच हातानं लिहून घेते, म्हंजे ध्यानात राहील. ऐक गं. भात पेरायच्या आधी वाफ्यावर शेण, पाला, गवत रचायचं, वर माती टाकायची आणि पेटवायचं. त्याला राब म्हणतात. मी लग्न होऊन वर डोंगरात गेले तेव्हा सासू माहेरी सोडायची नाय. म्हणून दादानं ठरवलं. आमचा वरचा वाफा नदीच्या वळणावर, उंबराच्या बाजूला, तो पॉइंटवरनं दिसतो. त्याचा राब दादा सांगून ठरवून पेटवायचा, ओला पाला घालून, म्हंजे धूर पांढरा. धूर दिसला की घरात सगळं बरं हाय, यायची गरज नाय. नाय दिसला की निघून ये. कारण आमच्यात घरात माणूस गेलं की सुतक फिटेपर्यंत राबाला काडी लावत नायत.

"बाबा गेले त्या साली धूर नाय आला. मी ताकाचं मडकं पॉइंटवर टाकलं आणि उतरले. निरोप घेऊन माणूस वर चढत व्हता, तो मला अर्ध्या वाटेत भेटला. मी त्याला म्हटलं, मला ठाऊक हाय, तू बस, दम खा. दादा, आठवतं का? गौरीला सांग, ती माझी मैत्रीण व्हती, मग तुझी बायको झाली. मीच तिला या घरात आणली. तू आणायला गेला असतास तर ती पळून गेली असती. ओला पाला घाला म्हणावं. माझ्या डोळ्याला आता बारीक दिसत नाय."

मामा, पाच मे, रविवार, सकाळी आम्ही पॉइंटवर असू.

तुमची सुंदरा

•

पोशीर, ता. ६ एप्रिल १९६८

चि. सुंदरेस,

डोळ्याचं आधी का नाय कळवलं? मी काय परका हाय?

पाच मे रविवार. उन्हं वर आली की पेटवतो. गौरीनं आजपासनंच सुरू केलंय. सून ठमी म्हणते, सासूबाय, अजून महिना हाय. ही ऐकत नाय. शेणी वेगळ्या लावल्यात, त्यांना कोणी हात लावायचा नाय. ऐनाचा पाला शेवटच्या दोन दिवसांत ओला कापणार, मोरू शेजाऱ्याला सांगून ठेवलंय. म्हणते, एवढा धूर काढीन की माथेरानचे सायेब खोकतील. साठीची बाय, आणि बोलणं बघ. पदूला म्हटलं, बाबा, आयशीला आवर. तो हसतो.

गौरी म्हणते, त्यांना घरी बोलवा. बायजाला हात लावून बघू दे, डोळ्यानं नाय तर नाय. मी म्हटलं, एवढी नऊ-दहा माणसं घेऊन ती येणार, तू चुलीपुढनं उठणार नायस, मग हात कधी लावणार? पुढच्या साली बायजाला एकटीला आण, पावसाळाभर ठेव. आता धूर बघा आणि जा. कधी यायचं ते बायजाला ठाऊक हाय. ते काय मी शिकवायला नको.

कौलं मे महिन्यातच उतरवणार. त्यात बदल नाय.

आबाजी

•

भुसावळ, ता. ९ मे १९६८

ती. आबामामा व गौरामामीस नमस्कार.

सुखरूप पोचलो. आई इतकी खूश आहे की काय सांगू.

आईला कर्जतला यांच्या ओळखीच्या क्वार्टरमध्ये ठेवलं आणि आम्ही शुक्रवारी पेठ केलं, शनिवारी लेणी. मामा, तोफ पडलेलीच आहे, तुम्ही म्हणालात तशी. पण सुळक्यावरून काय दिसतं! सगळ्यांनी तुमची आठवण काढली. पेठेत एका म्हातारीने ताक दिलं, पैसे घेईना. म्हणाली, "पैसे देऊन पितात ते माथेरानला. हितं नुसतं पितात." आईला सांगितलं तर तिला राग आला. लेण्यात म्हैस नव्हती. पोरं हिरमुसली.

शनिवारी संध्याकाळी छोट्या गाडीने माथेरानला गेलो. रविवारी सकाळी आईला हातरिक्षात बसवून पॉइंटवर नेलं. रिक्षावाल्याने तिला ओळखलं. "ताकवाल्या मावशी काय गं तू?" म्हणाला, आणि भाडं घेताना भांडला, घेणार नाही म्हणून. आई कठड्याशी उभी राहिली. वारा होता. मी तिला धरून होते. धूर दिसला, मामा. पांढरा, सरळ वर.

आता आई सांगते:

"दादा, बघितला. हिनं बोट धरून दाखवला आणि मग मला पण दिसला. गौरीनं चांगला रचला व्हता. नेरळला गाडीला वेळ व्हता, हे सगळे म्हणाले जाऊन येऊ या का पोशीरला, टांगा करू. मी म्हटलं नको. धूर दिसलाय, घरात सगळं बरं हाय. त्याची कौलं उतरवली असतील, उगाच कशाला त्याचं तोंड वाकडं करायचं. पुढच्या साली येईन पावसाळाभर, तू म्हणतोस तशी. तिच्यासाठी चोळीचा खण धाडते. हिरवा हाय. मी हातानं निवडला, दुकानदार म्हणाला आजी, रंग दिसत नाय तर निवडता कसा? मी म्हटलं, मला खण दिसत नसंल, गौरी दिसते ना."

पार्सल वेगळं पाठवलंय. पोचल्याचं कळवा.

सुंदरा

•

पोशीर, ता. १८ मे १९६८

बायजे,

खण पोचला. तेराव्याच्या दिवशी पोचला. पोस्टमन अंगणात उभा, माणसं पानावर बसलेली.

तू कुठला धूर बघितलास ते मला ठाऊक नाय. मी राब पेटवला नाय. गौरी शुक्रवारी, तीन तारखेला गेली. वरच्या वाफ्यावर शेणी रचत व्हती. ठमी म्हणाली सासूबाय, उन्हं झाली, चला. ही म्हणाली एवढी ओळ लावते. बसली ती उठली नाय. डॉक्टर आणायला पदू नेरळला धावला, पण तोवर काय राहिलं नव्हतं. संध्याकाळी नेली.

पदू शनिवारी म्हणाला, मी वर माथेरानला जातो, आत्याला शोधतो, घेऊन येतो. मीच नको म्हणालो. म्हटलं, कशाला शोधाशोध? रविवारी सकाळी राब पेटणार नाय, ती बघंल, आणि ती येईल. बाबांच्या वेळी कोण गेलं व्हतं बोलवायला?

रविवारी सकाळपासनं मी दारात बसलो. माणसं भेटायला येत व्हती, मी त्यांच्या मागं बघायचो. टांगा वाजला की पदू उठायचा. मोरूच्या घरनं भाकऱ्या आल्या व्हत्या, तुझ्या वाटणीची झाकून ठेवली. गाडीची वेळ टळली. संध्याकाळी ती भाकर कुत्र्याला घातली.

आणि आता तू लिहितेस धूर बघितला, पांढरा, सरळ वर. एवढं कसं खोटं बोलवतं तुला? मी घरी येऊ नका म्हणून लिहिलं त्याचा राग धरलास? बोल. तोंडावर बोलायचीस तशी बोल. पण माझं माणूस गेलं आणि तू नेरळपर्यंत येऊन, टांगा नको म्हणून परत गेलीस.

तुझा भाऊ
आबाजी

•

भुसावळ, ता. २४ मे १९६८

मामा,

हे पत्र मी शेजारणीच्या घरात बसून लिहिते आहे. आईला ठाऊक नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा आई दाराशी बसलेली. म्हणाली, "दादाचं हाय ना? वाच गं, काय म्हणते गौरी, खण आवडला का?" मी फोडलं. मनात वाचलं. ती म्हणाली, "एवढा वेळ काय वाचतेस? मोठ्यानं वाच." मी म्हटलं, आई, मामांनी फक्त दोन ओळी लिहिल्यात, खण पोचला, उन्हाळा फार आहे. ती हसली, म्हणाली, "त्याच्याकडं शब्द कमीच."

खोटं आईने नाही लिहिलं. खोटं मी बोलले.

पॉइंटवर उभे राहिलो तेव्हा खोऱ्यात इकडेतिकडे धूर होता, दुसऱ्या गावांचा. नदीच्या वळणावर नव्हता. यांच्या मित्राकडे दुर्बीण होती, ती घेतली. उंबर दिसलं. वाफा दिसला. रचलेला होता, पेटलेला नव्हता. आई सारखी विचारत होती, "हाय का गं? हाय का?" मी म्हटलं थांब, वारा आहे. अर्धा तास थांबलो. मंडळी पुढच्या पॉइंटला जायची घाई करत होती. आई कठड्यापासून हलेना. "सुंदरे, नसंल तर तसं सांग," म्हणाली.

मला आजोबा गेले त्या सालची गोष्ट आठवली, मामा. आठवली नाही असं मी म्हणणार नाही. म्हणून दुर्बीण तुमच्या घराकडे फिरवली. अंगणात माणसं बसलेली दिसली, पुष्कळ. आणि मला वाटलं, कौलं उतरवायला माणसं आलीत. तुम्ही दोन्ही पत्रांत लिहिलं होतं ना. म्हटलं, त्या गडबडीत मामा राब पेटवायचा विसरले, नाहीतर उशिरा पेटवतील. एवढ्यासाठी आईला कशाला घाबरवायचं? तिला हे शेवटचं. मी तिचं बोट धरलं, वळणाकडे नेलं आणि म्हटलं, आहे आई. पांढरा. सरळ वर.

तिने त्या दिशेला हात जोडले. म्हणाली, "म्हंजे दादा हाय, गौरी हाय. चल."

मामा, तिने तुम्हाला टाकलं नाही. मी तिला तुमच्या दारावरून परत नेलं. तुम्ही सांगाल ते करीन. उद्या तिला सगळं सांगू? की तिला घेऊन येऊ, तुमच्यासमोर सांगू? तुमच्या परवानगीशिवाय काही बोलणार नाही. पण रोज विचारते, मामीचं पत्र का नाही म्हणून.

सुंदरा

•

पोशीर, ता. १ जून १९६८

सुंदरे,

हे पान तुझ्यासाठी. खालचं पान बायजासाठी, तेवढंच तिला वाचून दाखव. हे चुलीत घाल.

रडू नको. तू रडत असशील म्हणून आधीच सांगतो. तू आयशीचं मन राखलंस. मी माणसांचा गोंधळ नको म्हणून कौलांचं लिहिलं. कौलं उतरवायची नव्हतीच. अजून एक साल चालली असती. तू कौलांवर विश्वास ठेवलास, यात तुझी काय चूक? अंगणातली माणसं मी बोलावली नव्हती, तीसुद्धा आपापली आली.

बायजाला सांगायचं नाय. आज नाय, दिवाळीला नाय, कधीच नाय. तिला जे शेवटचं दिसलं ते तसंच राहू दे. तिला सांगितलं तर काय होईल? ती म्हणेल, मी नेरळच्या फलाटावर बसले व्हते आणि गेले नाय. मरेपर्यंत तेच म्हणत बसंल. मला ठाऊक हाय, कारण मी तेच म्हणतोय, पदूला वर जाऊ दिलं नाय म्हणून. घरात एकानं म्हटलं तेवढं पुरं.

मागल्या पत्रात तिला खोटारडी म्हटलं. ते तिनं ऐकलं नाय, बरं झालं. ते पण चुलीत घाल.

तेराव्यानंतर राब मीच पेटवला. रचलेला गौरीचाच, मी त्याला हात लावला नाय. तिनं लावलेली ओळ अर्धीच व्हती, ती तशीच ठेवली. पण पाला तोवर सुकून गेला व्हता. धूर आलाच नाय. नुसता जाळ झाला आणि विझला.

परत याविषयी मला लिहू नको. तिला घेऊन पण येऊ नको. पुढच्या साली यायचं म्हणाली तर सांग, आबामामाचा गुडघा दुखतो, तो कोणाला नको म्हणतो. तिला पटंल.

आबाजी

•

बायजे,

तुला धूर दिसला, बरं झालं. गौरीनं रचला व्हता. शेणी तिनं महिनाभर आधी वेगळ्या लावल्या, ठमीला हात लावू दिला नाय. ऐनाचा पाला ओला सांगितला व्हता तिनं मोरूला. धूर पांढरा आला तो तिच्यामुळं. मी नुसती काडी लावली.

खण मिळाला. हिरवा रंग चांगला हाय. अजून शिवलेला नाय, पेटीत ठेवलाय, वर तिचं लुगडं हाय. डोळ्यानं दिसत नसताना बरोबर निवडलास. तिचा जुना पण असाच व्हता.

वाल्मिकरावांच्या मंडळींना सांग, लेण्यात म्हैस रोज बसत नाय. त्या साली बसली व्हती.

राब आता दरसाल पेटंल. पदूला सांगून ठेवलंय, ओला पाला घालायचा. तुला दिसलं नाय तरी तू तो हाय असं समज.

पावसाची तयारी चाललीय, भात पेरायचंय. माझा गुडघा दुखतो, हे खरं हाय, म्हणून येऊ नको. आणि गौरी काय म्हणते, तिचं पत्र का नाय, हे मला विचारू नको. बायकाबायकांचे निरोप मी आजवर पोचवले नाय आणि या वयात पोचवणार नाय. याच्यावर मी आणखी एक शब्द लिहिणार नाय.

आबाजी